प्रतिसाद: बाग गहाण ठेवण्याआधी मेडिकल करा

तासगावच्या दादांनी विचारलंय, पोराच्या पायलट ट्रेनिंगसाठी द्राक्षबाग गहाण ठेवू का? दादा, आधी त्याचं क्लास १ मेडिकल, म्हणजे पायलटच्या लायसन्ससाठी लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घ्या. त्यात अडकला तर भरलेली फी पाण्यात.

माझा भाचा कराडचा. २०० तास उडून लायसन्स हातात आलं, तरी दीड वर्ष घरी बसून होता. एअरबस ए३२० विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवायचं खास ट्रेनिंग आणि परवानगी, वेगळं, त्याचा खर्चही वेगळा, हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलंच नाही. आता पगार चांगलाय, पण पहाटे तीनला गाडी दारात उभी असते आणि हा लाल डोळ्यांनी बुटाची नाडी बांधत असतो. २०२५ पासून पायलटांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, तेव्हा ताईच्या जिवाला जरा बरं वाटलं.

पोराला पाठवा, पण टाइप रेटिंगचे पैसे आधीच बाजूला काढा. बागेला हात लावू नका.