२२ हजाराचा ‘जुना’ व्हिडिओ गेम घ्यावा का? सांगली-मिरजकरांनो बोला

आयर्विनपूल:
मंडळी सल्ला पाहिजे. वय ४१, दोन पोरं, आणि डोक्यात किडा शिरलाय. आत्तेभाऊ डिसेंबरात अमेरिकेहून येतोय, काय आणू म्हणाला, आणि मी गेले पंधरा दिवस पोरं झोपली की जुन्या गेमची मशीनं नव्यानं करणाऱ्या त्या ॲनालॉग कंपनीचे व्हिडिओ बघत बसतोय. त्यांचं हातात धरायचं पॉकेट २१९.९९ डॉलरला होतं, आणि एन६४ चं (निन्टेन्डोचं टीव्हीला जोडायचं जुनं मशीन) जे नवीन केलंय ते थ्रीडी २४९.९९ ला बुकिंगला आलं होतं. म्हणजे २०-२२ हजार धरा. कंपनी म्हणते यात एम्युलेशन (सॉफ्टवेअरनं केलेली जुन्या मशीनची नक्कल) नाही, एफपीजीए आहे, म्हणजे जुन्या मशीनचं सर्किटच नव्या चिपमध्ये उभं केलंय. दिसायला तर एवढं देखणं की बास.
आमच्याकडं लहानपणी गणपती पेठेतनं आणलेला ९९९९९९ इन १ वाला गेम होता, टँक, कॉन्ट्रा, बदकं मारायची बंदूक, सगळं. तेच परत पाहिजे. घेऊ का? बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही.

मिरज_जंक्शन:
नको.

मिरज_जंक्शन:
बरं आता दुकानात गिऱ्हाईक नाही तर सविस्तर लिहितो. भावा तुझ्याकडं जो होता तो निन्टेन्डोचा नव्हताच की. जपानमध्ये १९८३ ला निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला, त्याची नक्कल चायना-तैवानवाल्यांनी केली आणि ती आपल्या पेठेत आली. आतलं उघडून बघितलंस का कधी? बऱ्याच नकलांमध्ये एक काळा डांबरासारखा ठिपका असतोय, त्याच्याखाली सगळं मशीन एका चिपमध्ये कोंबलेलं. आणि ते नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम म्हणजे पंधरा-वीसच गेम, पुढं नुसती नावं आणि लेव्हल बदलून तेच. आता तू २२ हजार घालून जे हुबेहूब आणणार ते अशा मशीनचं हुबेहूब, जे तुझ्या घरात कधी नव्हतंच. त्यातनं तू म्हणतोयस ती दोन्ही मशीनं फॅमिकॉमची पण नाहीत, पॉकेटमध्ये गेमबॉयची (निन्टेन्डोचा हातात धरायचा जुना गेम) कॅसेट बसते आणि थ्रीडीत एन६४ ची. तुझी ६० पिनांची पिवळी कॅसेट कुठं खुपसणार?

आयर्विनपूल:
आयला. हे डोक्यातच आलं नव्हतं. पण पॉकेटवर एसडी कार्डातनं बाकीचे पण चालतात म्हणे?

घाटावरचा_कराड:
चालतात, माझ्याकडं पॉकेट आहे म्हणून सांगतो. २०२२ पासून त्यात ओपनएफपीजीए आलं, लोकांनी लिहिलेले कोर (म्हणजे एकेका जुन्या मशीनचं सर्किट) कार्डावर टाकायचे, फॅमिकॉमचा पण आहे. मी त्या मशीनवर खूश आहे हे आधी सांगतो, नाहीतर इथं सगळे मिळून त्याला धुवून काढायला लागलेत. स्क्रीन १६०० बाय १४४० आहे आणि जुन्या गेमबॉयचा १६० बाय १४४, म्हणजे बरोब्बर दहापट, त्यामुळं जुना एक ठिपका म्हणजे नवे दहा बाय दहा ठिपके, कुठं अर्धवट काही नाही, आणि तो जुना हिरवट पडदा, त्यातल्या बारीक जाळीसकट असा काय दाखवतोय की मी पहिल्या दिवशी खेळलोच नाही, नुसता बघत बसलो.
पण तुला घे म्हणणार नाही. माझ्याकडं गेमबॉयच्या सहा कॅसेटी होत्या, मामा दुबईला होता तेव्हाच्या. त्यासाठी घेतलं. त्यातल्या दोघींचा आतला सेल मेलेला, सेव्ह राहत नव्हतं, सोल्डरिंग करून बदलला. सातवी ऑनलाइन मागवली ‘ओरिजिनल’ म्हणून, दोन हजाराला, ती डुप्लिकेट निघाली, विकणारा फोन उचलत नाही. आणि टीव्हीला जोडायचं तर डॉक वेगळा, तो ९९.९९ डॉलरला होता. कंट्रोलर त्याहून वेगळे. दोघांनी टँक खेळायचं म्हणजे हिशोब कर कुठं जातोय ते.

मिरज_जंक्शन:
थ्रीडीचं पण तेच. एवढ्या पैशात डब्यात कंट्रोलर नाही, गेम नाही. आणि एन६४ च्या कॅसेटी सांगलीत कुणाकडं असतील तर मी मिशी काढतो.

कुपवाड_एमआयडीसी:
एफपीजीएवर रोज काम आहे माझं (गेमचं नाही, मशीन कंट्रोलचं), म्हणून दोन शब्द. ‘एम्युलेशन नाही’ हे वाक्य जाहिरातीला बरं आहे. एफपीजीए म्हणजे कोरी चिप, तिच्यात कुठली गेट कुणाला जोडायची ते कोड लिहून ठरवायचं. जुन्या चिपचं वागणं कुणीतरी माणसानं मोजून, तपासून परत लिहिलेलं असतं. चुकलं तर इथं पण चुकतं, म्हणून तर त्याला पण अपडेट येतात. फायदा खरा आहे, सगळे भाग एकाच वेळी चालतात त्यामुळं बटण दाबल्यावर उशीर फार कमी होतो, ते मी नाकारत नाही. पण घरच्या टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर काही टीव्ही एकटेच ते सगळं खाऊन टाकतात. आधी तो चालू कर, फुकट आहे.
आणि हौसच असेल तर मिस्टर नावाचा खुला प्रकल्प आहे, तो पण एफपीजीएच, एका शिकाऊ बोर्डावर चालतो. मूळ बोर्ड महाग झाला होता, पण २०२४ पासून त्याच्या स्वस्त नकला निघाल्यात. एका बोर्डात फॅमिकॉम, सेगा, कितीतरी. देखणा मात्र अजिबात नाही, वायरी लोंबतात.

पेठेतला_जुना:
या ‘मर्यादित आवृत्ती’ धंद्याचं मला लई हसू येतंय. निन्टेन्डोनं स्वतः २०१६ ला छोटा एनईएस (फॅमिकॉमचंच परदेशातलं नाव) काढला, ५९.९९ डॉलर, ३० गेम, लोकांनी रांगा लावल्या, ब्लॅकनं घेतला, एप्रिल २०१७ ला बंद केला म्हणाले, आणि जून २०१८ ला परत दुकानात! सोनीनं २०१८ ला प्लेस्टेशन क्लासिक काढलं ९९.९९ ला, आत काय तर नेटवर फुकट मिळणारा खुला एम्युलेटर, आणि २० पैकी ९ गेम युरोपातल्या ५० हर्ट्झच्या, म्हणजे हळू. नंतर किंमत पाडावी लागली. आणि तुझं ते थ्रीडी, २०२३ ला जाहीर, ऑक्टोबर २०२४ ला पैसे घेतले, २०२५ च्या सुरुवातीला देतो म्हणाले, निघालं नोव्हेंबरात. माझ्या भिशीचे पैसे पण याच्या आधी मिळाले.

मिरज_जंक्शन:
आमच्या गल्लीत तंबोरे होतात. भोपळा आणून वाळवायचा, कापायचा, महिने जातात. आता गाणाऱ्यांकडं मोबाईलवर पण तानपुरा असतोय, रियाजाला कुणी नाही म्हणत नाही. मैफलीला खरा लागतोय. तू मैफल करणार आहेस का सांग. पोरांबरोबर रविवारी अर्धा तास टँक खेळणार. त्याला तीन-चार हजारातला चायनीज हँडहेल्ड बास झाला, किंवा घरचा जुना मोबाईल, रेट्रोआर्च हे जुने गेम चालवायचं ॲप फुकट आहे, ब्लूटूथ कंट्रोलर घे एक.

कुपवाड_एमआयडीसी:
तंबोऱ्याचं उदाहरण लागू होत नाही पण आवडलं.

घाटावरचा_कराड:
चायनीजमध्ये सोबत जे कार्ड येतं त्याच्यावर भरोसा ठेवू नकोस, महिन्यात मरतंय. पहिल्या दिवशी चांगल्या कार्डावर कॉपी करून घे. (त्यातले गेम कायद्यानं कितपत बरोबर हा वेगळा धागा होईल, इथं नको.)

आयर्विनपूल:
तुमचं वाचून काल माळ्यावर चढलो. जुना गेम सापडला! २००५ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं होतं, हा वर होता म्हणून वाचला, २०१९ ला पण वाचला. पांढरा होता तो आता चहासारखा झालाय. ॲडॉप्टरची वायर उंदरानं खाल्लेली, हरभट रोडवरनं ९ व्होल्टचा नवीन आणला, दुकानदारानं आधी प्लस-मायनस उलटं आहे का ते मीटर लावून बघितलं, बरं झालं. कॅसेटीत फुंकर मारणार तेवढ्यात थोरली म्हणाली पप्पा थुंकी जातीय. तिचं बरोबर आहे, ओलाव्यानं पिना गंजतात, मग कापसाला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून पुसलं, काळाकुट्ट मळ निघाला. तिसऱ्या वेळेला ते मेनूचं गाणं वाजलं आणि मला काय झालं सांगता येत नाही, बायको आतनं बघायला आली काय झालं म्हणून.
टँक चालला. पोरींनी पाच मिनिटांत राखायच्या आपल्याच गरुडाला गोळी घातली. पण बंदूक अजिबात लागत नाही, एक बदक पडेना, गेममधलं ते कुत्रं नुसतं हसतंय. सेन्सर गेला का?

कुपवाड_एमआयडीसी:
सेन्सर ठीक असेल, टीव्ही चुकीचा आहे. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीला त्याच क्षणी उजेड दिसायला पाहिजे. एलईडी टीव्ही ते चित्र उशिरा दाखवतो. शिवाय बंदुकीतलं सर्किट जुन्या डबा टीव्हीच्या उजेडाच्या वेगालाच ओळखतं. त्या २२ हजारवाल्याला लावलीस तरी एलईडीवर हेच होणार.

आयर्विनपूल:
म्हणजे डबा टीव्ही पाहिजे. आत्तेभावाला बदाम आण म्हणून सांगितलंय. कुणाकडं १४ इंची पडून आहे का, विश्रामबाग-मिरज भागात?

पेठेतला_जुना:
आमच्याकडं आहे. चालू आहे, पण आईनं त्याच्यावर तुळस ठेवलीय. रविवारी ये, तिला तू समजाव. आणि येताना एक माणूस आण, जिना अरुंद आहे.