जाकोला भित्रा म्हणावे की भ्याड?

प्रश्न : ‘होकुतो नो केन’ या जपानी मांगा-चित्रकथेचा (१९८३ ते १९८८, लेखन बुरॉन्सन, चित्रे तेत्सुओ हारा) मराठीत परिचय लिहीत आहे. त्याच्या उत्तरार्धातील जाको हा खलनायक स्वतः लढवय्या नाही, परंतु सम्राज्ञीला तळघरात कोंडून तिच्या नावाने तोच राज्य चालवतो. त्याच्यासाठी ‘भित्रा’, ‘भ्याड’ आणि ‘पळपुटा’ यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : ‘पळपुटा’ प्रथम बाजूला ठेवावा, कारण तो शब्द रणातून पाठ दाखवणाऱ्यासाठी आहे आणि जाको तर गादीला चिकटून बसलेला असतो. उरलेले दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, तरी त्यांत फरक आहे. ‘भित्रा’ हा स्वभाव सांगतो. भित्र्या मुलाला कोणी दुष्ट म्हणत नाही. ‘भ्याड’ या शब्दात मात्र निषेध आहे, आणि म्हणूनच वर्तमानपत्रांत ‘भ्याड हल्ला’ असे छापून येते, ‘भित्रा हल्ला’ असे कधीच येत नाही. हल्लेखोर घाबरला होता की नाही, याच्याशी तिथे कर्तव्य नसते. त्याने समोरासमोर येण्याचे टाळले, एवढाच आक्षेप असतो. जपानीतही ‘ओकुब्यो’ म्हणजे घाबरट आणि ‘हिक्यो’ म्हणजे नीच मार्गाने वागणारा, असे दोन वेगळे शब्द आहेत.

जाकोला हे दोन्ही शब्द लागू पडतात, पण एकाच प्रसंगी नव्हे. दिग्विजयाला निघालेल्या राओ या योद्ध्याची धास्ती त्याच्या मनात इतकी खोल बसलेली आहे की अंधार सहन होत नाही म्हणून तो राजधानी रात्रीही दिव्यांनी उजळून ठेवतो. तिथे ‘भित्रा’ लिहावे, आणि ‘भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण तर जणू त्याच्यासाठीच घडलेली आहे. सम्राज्ञीच्या जिवाची धमकी देऊन तो फाल्कोसारख्या पराक्रमी योद्ध्याला आपल्या इच्छेप्रमाणे राबवतो, तिथे मात्र ‘भ्याड’च हवा.

उपप्रश्न : मग ‘भेकड’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालणार नाही का?

उत्तर : चालेल, कारण त्यात भीती आणि तुच्छता दोन्ही येतात, परंतु तो शिवीच्या जवळ जाणारा शब्द असल्याने परिचयलेखापेक्षा एखाद्या पात्राच्या तोंडी अधिक शोभेल.

आणखी एक मत : त्याला ‘सत्तांध’ म्हणण्याचा मोह टाळावा. सत्तांध माणसाला धोका दिसत नाही, जाकोला तर तो चोहीकडे दिसतो. ‘सत्तापिपासू’ या शब्दाला, निदान माझ्या कानाला, रक्तपिपासूचा वास येतो आणि तो राओसारख्या दिग्विजयाला निघालेल्या माणसाला अधिक साजेल. जाकोसाठी ‘सत्तालोलुप’ बरा, कारण लोलुपतेत पराक्रमाची अपेक्षा नसते, केवळ हव्यास असतो. वाक्यात तो असा बसवता येईल : ‘सत्तालोलुप जाकोने सम्राज्ञीला ओलीस ठेवून फाल्कोला भ्याडपणे आपल्या दावणीला बांधले होते.’