सिंहाचे छावे सांभाळायची स्वयंसेवा: पैसे भरण्याआधी विचारायचंय

रानजाई

दक्षिण आफ्रिकेत चार आठवड्यांच्या स्वयंसेवेसाठी माझी निवड झाली आहे. पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कामाच्या यादीत लिहिलंय: तीन आठवड्यांच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजणं, दिवसा त्यांच्याशी खेळणं, सहा महिन्यांच्या छाव्यांना मोकळ्यावर फिरवून आणणं. पुढे हेच सिंह जंगलात सोडतात म्हणे. सोडायच्या जनावराला इतकं माणसाळवतात का? आणि बंदिवासात जन्मलेल्यांना जिथे खरंच तयार करतात, तिथे स्वयंसेवकाला काय काम असतं?

गवताळ

नाही, माणसाळवत नाहीत. पैसे भरू नका.

सिंहीण स्वतः छावे वाढवते तेव्हा दोन वेतांत साधारण दोन वर्षं जातात. छावे काढून घेतले की ती लवकर माजावर येते आणि पुन्हा गाभण राहते. अशा संस्था 'आईने टाकलेले' म्हणून दाखवतात ते छावे बारा महिने मिळतात ते असे. लहानपणी कुरवाळायला, मग फिरवायला, आणि वाढले की कुंपणाच्या आत पैसे घेऊन शिकारीला किंवा हाडांसाठी. २०१७ साली तिथल्या सरकारने बंदिवासातल्या सिंहांचे ८०० सांगाडे निर्यात करायला परवानगी दिली होती. मे २०२१ मध्ये ही पैदास थांबवायचं धोरण जाहीर झालं. जंगलात सिंह हवेच असतील, तर दुसऱ्या राखीव क्षेत्रातले रानटी सिंह हलवता येतात. पिंजऱ्यातल्यांची त्यासाठी गरज पडत नाही.

संस्थेला एवढंच लेखी विचारा: गेल्या पाच वर्षांत इथे जन्मलेले किती, त्यातले आज कोणत्या क्षेत्रात आहेत, आणि सोडल्यावर किती महिने त्यांचा माग ठेवला? यांच्या आया कुठे आहेत, तेही विचारा. खरं काम करणारे क्षेत्राच्या नावासकट सांगतात.

तुम्ही पशुवैद्यकीच्या आहात, तर त्यांच्या जाहिरातीतल्या फोटोंमध्ये छाव्यांचे पाय नीट पाहा. नुसत्या बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला असतं. मग शरीर स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढतं. पाय धनुष्यासारखे वाकतात, कमरेत कणा दबतो, उडी मारायला पिल्लू कचरतं. असं पिल्लू शिकार काय करणार?

तारकुंपण

गवताळ यांच्याशी पूर्ण सहमत. आफ्रिकेतच जायचं असेल तर चित्त्यांचं काम बघा. बंदिवासात जन्मलेल्या चित्त्यांना टप्प्याटप्प्याने मोठ्या आवारात नेऊन, पुढे सिंह नसलेल्या राखीव क्षेत्रात सोडण्याचं काम तिथे होतं. पाठलाग त्यांच्या रक्तातच असतो. कमी पडतो तो दम, आणि गळा नेमका धरून शेवटपर्यंत न सोडणं.

तुमच्या हाती चित्ता कधीच येणार नाही. हाती येईल विजेच्या कुंपणाची फेरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम तेच आहे. ठरलेल्या खांबांपाशी मीटर लावून आकडा लिहायचा. ६,००० व्होल्टच्या खाली गेला तर त्याच दिवशी कारण शोधायचं. बहुतेकदा गवत खालच्या तारेला टेकलेलं असतं किंवा इन्सुलेटर तडकलेला असतो. झटकायंत्रापासून पुढे चालत गेलात की आकडा उतरत जातो. जिथे उतरायचा थांबतो, तो बिघाड तुम्ही ओलांडलात. मागे फिरून तेवढाच टप्पा तपासा. कोरड्या ऋतूत वेगळी अडचण येते. तारेवर आकडा चांगला दिसतो, पण वाळलेल्या मातीतून वीज परतत नाही आणि जनावराला झटकाच बसत नाही. मग अर्थिंगच्या सळ्या वाढवायच्या, त्यांच्याभोवती पाणी ओतायचं.

वॉर्टहॉग (तिथलं रानडुक्कर) जाळीखालून उकरतो, आणि त्याच भगदाडातून चित्ता बाहेर जातो. दगड ठासून बुजवा, नुसती माती टिकत नाही. आणि फेरीत नजर आधी सगळ्यात खालच्या तारेवर ठेवा. कासवाला झटका बसला की ते पळत नाही, पाय आत ओढून तारेखालीच बसतं, मग झटक्यामागून झटके खात तिथेच मरतं. वेळेत दिसलं तर वाचतं.

खाणं देताना कलेवर कातडी-हाडांसकट अख्खं द्यायचं. रोज एकच वेळ, एकच जागा, एकच गाडी कधीही नको. अधूनमधून उपासाचा दिवस. 'गाडी आली म्हणजे जेवण आलं' हे एकदा डोक्यात बसलं की सोडल्यावर तो चित्ता गाड्यांमागे फिरतो आणि पुन्हा पिंजऱ्यात येतो.

रानजाई

खूप आभार, नाव मागे घेते आहे. अर्जेंटिनातल्या जॅग्वारबद्दल कुणी सांगेल का? आणि आपल्याकडे काही करता येईल?

पाणवठा

अर्जेंटिनातल्या इबेरा या पाणथळ प्रदेशातलं काम फार सुंदर आहे. तिथल्या कोरिएन्तेस प्रांतातून जॅग्वार नाहीसा होऊन सुमारे ७० वर्षं झाली होती. तानिया ही प्राणिसंग्रहालयातली मादी, तिला एक पाय नाही, त्यामुळे ती सोडण्याजोगी नव्हती. २०१८ मध्ये इबेरातल्याच सान आलोन्सोच्या आवारात तिला आरामी आणि म्बारेते या दोन माद्या झाल्या. त्यांना माणसाची सवय लागू दिली नाही, देखरेख कॅमेऱ्यांतून ठेवली. मोठ्या आवारात जिवंत कॅपिबारा (घुशीसारखा मोठा प्राणी) मारायला शिकल्यावरच त्यांना मोकळं केलं. म्हणजे अशा ठिकाणी काम मिळालंच, तरी जॅग्वार पडद्यावरच दिसणार, हे मनाशी धरून जा. अर्जेंटिनाला जाण्याआधी किमान १० दिवस पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावर घ्या. त्या प्रमाणपत्राशिवाय भारतात परतल्यावर अडवून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. रेबीजची आगाऊ लस कुठेही जा, घ्याच.

आपल्याकडे बंदिवासात जन्मलेले वाघ सोडत नाहीत, अनाथ बछडे सोडतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमांत जंगलातल्याच आवारात किमान दोन वर्षं, आणि प्रत्येकाच्या नावावर किमान ५० यशस्वी शिकारी, अशी अट आहे. कान्हाच्या घोरेला इथल्या आवारात वाढलेल्या दोन बहिणी २०११ मध्ये पन्नात सोडल्या, तिथे त्यांनी पिल्लंही वाढवली. उलट आपल्या पेंचमध्ये मार्च २०२१ ला सोडलेली अवनी वाघिणीची मादी बछडी काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीतल्या जखमांनी गेली. शिकार जमली तरी सोडायची जागा दुसऱ्या वाघिणीची नको.

या आवारांत स्वयंसेवकांना घेत नाहीत आणि घेऊही नये. पण तुमच्यासाठी नागपूरजवळच्या गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. अर्ज स्वतः न पाठवता महाविद्यालयाच्या पत्रासह पाठवा, आणि शवविच्छेदनाच्या कामात रस आहे असं त्यात स्पष्ट लिहा.