मदत हवी आहे : साडेतीन वर्षांच्या पुतणीची थायरॉईड काढायची का?

नमस्कार मंडळी. दादाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर निघाला. जनुक तपासणीत ‘रेट’ जनुकात दोष सापडला, कोडॉन 634 (जनुकातली दोषाची नेमकी जागा). म्हणजे ‘मेन टू-ए’ (MEN 2A), थायरॉईड, ॲड्रिनल, पॅराथायरॉईड या ग्रंथींत गाठी करणारा आनुवंशिक आजार. प्रत्येक अपत्यात उतरायची शक्यता 50 टक्के, आणि पुतणीची तपासणी पॉझिटिव्ह आली.

आमचे आप्पा हर्नियाच्या साध्या ऑपरेशनमध्ये टेबलावरच गेले. बीपी भयंकर चढलं, एवढंच तेव्हा कळलं. त्यांना मधूनच दरदरून घाम सुटायचा, बनियन पिळून काढावा लागे. आई म्हणायची, तापट माणूस, दुसरं काय! आता वाटतं, ॲड्रिनलची (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची) गाठ असणार, तिनेच बीपी असं उसळतं. म्हणून दादाची 24 तासांची लघवी आधी तपासली, या गाठीचे हार्मोन्स त्यात दिसतात (तो कॅन फ्रिजमध्ये, दुधाशेजारी!). रिपोर्ट नॉर्मल आला, मगच गळ्याचं ऑपरेशन.

सर्जन म्हणतात, या कोडॉनला पाचव्या वर्षाच्या आत मुलीची थायरॉईड काढलेली बरी. वहिनी अडून बसल्यात. पोरगी हसतेखेळते, कॅल्सिटोनिनही (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं हार्मोन) नॉर्मल, मग चांगली ग्रंथी का कापायची? मला सर्जनचं पटतं, पण पोर त्यांची आहे.

एवढ्या लहान मुलाचं हे ऑपरेशन कुणी केलंय का? नंतर कॅल्शियम किती दिवस कमी राहिलं? पॅराथायरॉईड (थायरॉईडमागच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) वाचल्या का? सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, मग शाळा, हे कसं जमवता? पुणे-मुंबईत मुलांच्या थायरॉईडवर हात बसलेला सर्जन माहीत असेल तर मेसेज करा. माझी स्वतःची तपासणी अजून व्हायचीय, रक्त सोमवारी देतोय.