टोल्यूइन, एमटीबीई, नॅप्थलीन: हवा-पाणी गुणांक मोजायला कोणती पद्धत घ्यावी?

काचकुपी:
या तिघांचा (एमटीबीई म्हणजे मिथाइल टर्ट-ब्यूटाइल इथर) हेन्री स्थिरांक २५ अंशांना मोजायचा आहे. हवेतली संहती भागिले पाण्यातली संहती, असा बिनएककाचा गुणांक हवाय. हाताशी एफआयडीवाला (ज्वालेतले आयन मोजणाऱ्या डिटेक्टरचा) जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, १६० मिलीच्या सीरम बाटल्या, शेकर असलेला वॉटर बाथ आणि व्हॉल्व्हवाली गॅसटाइट सिरिंज आहे. ऑटोसॅम्पलर नाही. लॅब पुण्यात. दोन बाटल्यांची पद्धत, म्हणजे एपिक्स, सोपी दिसते. तिघांनाही तीच वापरली तर चालेल का?

तळरेषा:
टोल्यूइनला बिनधास्त वापरा. पदार्थ दोन्ही बाटल्यांत तेवढाच, पाणी मात्र वेगवेगळं. समजा एकीत २० मिली पाणी आणि वर १४० मिली हवा, दुसरीत १०० मिली पाणी आणि ६० मिली हवा. पहिल्या बाटलीच्या हवेतला पीक एरिया (जीसीच्या आलेखावरच्या शिखराचं क्षेत्रफळ) भागिले दुसरीचा, हे 'र'. मग

के = (पा२ − र × पा१) ÷ (र × ह१ − ह२)

के म्हणजे तुमचा गुणांक, पा म्हणजे पाणी, ह म्हणजे हवा. टोल्यूइनचा के साधारण ०.२७ आहे, म्हणजे र २.०१ च्या आसपास यायला हवा. नुसतं गुणोत्तर लागत असल्याने कॅलिब्रेशनची कटकट नाही, हीच या पद्धतीची खरी कमाई.

पण र मध्ये ३ टक्के चूक झाली तर के मध्ये ६ टक्के होते. म्हणून पाच-पाच बाटल्या करा आणि इंजेक्शन आलटून पालटून द्या: एक कमी पाण्याची, एक जास्त पाण्याची. आधी पाचही एका प्रकारच्या आणि मग पाचही दुसऱ्या असं केलं, तर दिवसभरात डिटेक्टर जेवढा सरकतो तेवढा सगळा थेट र मध्ये जातो.

एमटीबीईचा के ०.०२ च्या घरात आहे. तिथे याच बाटल्यांत ३ टक्क्यांची चूक के मध्ये २८ टक्के होऊन बसते. त्याला एपिक्स नको.

बुडबुडा:
एमटीबीईबद्दल असहमत. पद्धत वाईट नाही, पाणी जास्त झालंय. पदार्थ निम्मा हवेत आणि निम्मा पाण्यात राहील, त्याच्या अल्याड-पल्याड पाणी घ्यायचं. टोल्यूइनसाठी १६० मिलीच्या बाटलीत ती जागा ३४ मिलीला येते, एमटीबीईसाठी जेमतेम ३ मिलीला. २० मिलीतच त्याचे सातापैकी सहा भाग पाण्यात बुडालेले असतात, मग १०० मिली घेऊन नवीन काय कळणार? २ मिली आणि ८ मिली घ्या, २८ टक्क्यांची चूक ९ वर येते.

आणि दोन बिंदूंवर समाधान मानू नका. पाच वेगवेगळी पाणी घ्या, प्रत्येक बाटलीत पदार्थ तेवढाच. उभ्या अक्षावर १ भागिले पीक एरिया, आडव्या अक्षावर पाण्याचं आकारमान. सरळ रेषा यायला हवी. चढ भागिले छेद (रेषा उभ्या अक्षाला जिथे कापते तो आकडा), गुणिले बाटलीचं पूर्ण आकारमान, बरोबर (१ ÷ के) − १. टोल्यूइनला हा आकडा २.७ च्या आसपास येईल. एखादी बाटली गळकी असेल तर तिचा बिंदू रेषेच्या वर उडतो. दोन बाटल्यांत गळती निमूटपणे के मध्ये मिसळते आणि कळतही नाही.

तळरेषा:
मान्य, हे डोक्यात यायला हवं होतं. पण मग मिथेनॉलकडे बघा. टोल्यूइनसाठी मिथेनॉलमध्ये विरघळवलेला १० मिग्रॅ प्रति मिलीचा स्टॉक (आधी करून ठेवलेलं गाढं द्रावण) २० मायक्रोलिटर टाकला, तर २० मिली पाण्यात मिथेनॉल ०.१ टक्का होतं, चालतं. तेच २० मायक्रोलिटर २ मिली पाण्यात टाकले की झालं १ टक्का. शिवाय ८ मिली पाण्याच्या बाटलीत त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे दोन बाटल्यांत पाणी एकसारखं राहिलंच नाही. एमटीबीई पाण्यात भरपूर विरघळतं, त्याचा स्टॉक पाण्यातच करा आणि तेवढं पाणी हिशोबात धरा. अशा वेळी पाणी पिपेटने मोजू नका, बाटली वजन करून घ्या.

बाटलीचं आकारमानही लेबलवर मानू नका. बुचासकट रिकामी तोला, काठोकाठ पाणी भरून बुच लावून पुन्हा तोला.

काचकुपी:
बुच कोणतं? आणि किती वेळ हलवायचं?

बुडबुडा:
पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर असलेलं ब्यूटाइल रबर, थर आतल्या बाजूला. सुई एकदा घुसली की थर फाटला, खालचं रबर टोल्यूइन प्यायला लागतं. त्यामुळे एका बाटलीतून एकच इंजेक्शन. क्रिंप केलेली (आवळून बसवलेली) टोपी बोटांनी फिरवून बघा, फिरली तर ती बाटली बाद. बाथमध्ये बाटल्या आडव्या ठेवून तासभर हलवा. काही बाटल्या दोन तास ठेवून बघा, आकडा सरकला नाही तर तास पुरे.

सिरिंज बाथच्या तापमानाला किंवा किंचित गरम ठेवा, थंड सिरिंजमध्ये बाष्प काचेवर बसतं. ०.५ मिली ओढल्यावर व्हॉल्व्ह सुई बाटलीत असतानाच बंद करायचा. बाहेर काढून बंद केला तर आतला जादा दाब फुस्सकन निघून जातो. तापमान १ अंश चुकलं की टोल्यूइनचा के ३ ते ५ टक्के हलतो, एमटीबीईचा त्याहूनही जास्त, त्यामुळे बाथच्या डिस्प्लेवर विसंबू नका, थर्मामीटर पाण्यात सोडा.

काचकुपी:
आणि नॅप्थलीन?

तळरेषा:
के ०.०१८ च्या आसपास, म्हणजे एमटीबीईसारखाच. पण ते काचेला, सिरिंजला, बुचाला चिकटतं आणि हवेतला नमुना खोटा बोलतो. त्याला गॅस स्ट्रिपिंग. हवा मोजायचीच नाही, पाण्यातलं नॅप्थलीन किती वेगाने घटतं ते बघायचं. लांब काचनळीत १ लिटर पाणी, खाली सिंटर्ड (सच्छिद्र) काचेतून नायट्रोजन. संहतीचा लॉगॅरिदम वेळेसमोर मांडा, चढ म्हणजे के × गॅसचा प्रवाह ÷ पाण्याचं आकारमान. मिनिटाला ३०० मिली प्रवाह असेल तर संहती निम्मी व्हायला दोन तासांहून थोडं जास्त लागेल. अर्ध्या-अर्ध्या तासाने ५ मिली नमुना काढा, २७६ नॅनोमीटरला यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजा. काढलेलं पाणी आकारमानातून वजा करत जा. सुरुवात १० मिग्रॅ प्रति लिटरच्या आसपास करा, २५ अंशांना पाण्यात ३१ च्या वर ते विरघळतच नाही.

नायट्रोजन आधी त्याच तापमानाच्या पाण्याच्या बाटलीतून ओला करून घ्या. कोरडा सोडला तर पाणी उडतं आणि नळी थंड पडते.

बुडबुडा:
बुडबुडा वर पोचेपर्यंत समतोल झाला का, हेही तपासा. पाणी निम्मं करा, उंची निम्मी होईल. चढ × आकारमान तेवढंच राहिलं तर ठीक. कमी झालं तर बुडबुडे मोठे आहेत किंवा नळी तोकडी आहे. आणि पाण्यात साबणाचा अंश नको, फेस पृष्ठभागावर नॅप्थलीन धरून ठेवतो.

आर्द्रता:
पुण्यात प्रवाहाचं गणित सांभाळा. मास फ्लो कंट्रोलर (गॅसचा प्रवाह ठरवणारं यंत्र) बहुतेक वेळा ० अंश आणि १ वातावरण दाबाला धरून आकडा दाखवतो. पुण्यात दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल, तापमान २५. म्हणजे पडद्यावर ३०० दिसतात तेव्हा नळीतून सुमारे ३५० मिली जात असतात. दुरुस्ती केली नाही तर के १६ टक्क्यांनी फुगतो. साबणफिल्मचं फ्लोमीटर नळीच्या बाहेरच्या तोंडाला लावा.

दुसरं, ताडून बघताना एकक बघा. रॉल्फ सांडर यांच्या २०१५ आणि २०२३ च्या संग्रहांत बहुतेक संयुगांचे आकडे सापडतील, पण ते विद्राव्यतेच्या बाजूने दिलेत, मोल प्रति घनमीटर प्रति पास्कल. तुमचा के काढायला त्याला २४७९ ने गुणायचं आणि मग उलटा करायचा. टोल्यूइनसाठी ०.००१५ घेतलं की ०.२७ येतो.

काचकुपी:
टोल्यूइनला २०, ४०, ६०, ८०, १०० मिली आणि एमटीबीईला १, २, ४, ६, ८ मिली अशा बाटल्या लावतो. नॅप्थलीनसाठी नळी आधी बनवून घ्यावी लागेल.

बुडबुडा:
टोल्यूइनला १० मिलीची पण एक लावा. छेद तिथेच ठरतो. मिथेनॉलमधला स्टॉक मात्र तिला जास्त संहत करा, म्हणजे १० मायक्रोलिटर पुरेल. आणि मग तोच सगळ्या बाटल्यांना.