पडद्यावरची प्रतिमा मतदाराचा कौल खरोखर ठरवते का?

प्रश्न
तेलुगू चित्रपटांतील नायक एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये तेलुगू देसम पक्ष स्थापन केला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. राम आणि कृष्ण यांच्या भूमिकांमुळे लोकमानसात त्यांना जे स्थान मिळाले होते, तेच या यशाचे कारण असे नेहमी सांगितले जाते. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते, कारण त्यात मतदार भाबडा आहे असे गृहीत धरलेले असते. जाणकारांनी कृपया आपले मत मांडावे.

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत काँग्रेसने तिथे चार मुख्यमंत्री दिले आणि ते कोण असावेत हे दिल्लीत ठरत होते, त्यामुळे तेलुगू स्वाभिमान दुखावल्याची भावना रामारावांच्या प्रवेशापूर्वीच तयार झालेली होती. त्या भावनेला एक चेहरा हवा होता, तो पडद्याने पुरवला. प्रतिमाच निर्णायक असती, तर १९८९ मध्ये त्यांचा पक्ष सत्तेबाहेर गेला नसता आणि कलवकुर्ती मतदारसंघात ते स्वतः पराभूत झाले नसते. राम-कृष्णाच्या भूमिका तर तेव्हाही लोकांच्या स्मरणात होत्याच.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, मात्र त्यात तमिळनाडूची जोड द्यावीशी वाटते. एम. जी. रामचंद्रन यांनी गरिबांचा कैवारी ही एकच प्रतिमा वर्षानुवर्षे इतक्या काळजीपूर्वक जपली की पडद्यावर मद्यपान करणेही ते टाळत. जानेवारी १९६७ मध्ये त्यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा गळ्याला पट्टी बांधलेले त्यांचे छायाचित्र निवडणुकीच्या भित्तिपत्रकांवर झळकले आणि रुग्णालयात असतानाच ते विधानसभेवर निवडून आले. चित्रपटातला सोसणारा नायक आणि खाटेवरचा जखमी माणूस यांतील अंतर त्या एका छायाचित्राने पुसून टाकले. तरीही माझ्या मते खरे बळ त्यांच्या चाहत्यांच्या मंडळांत होते. गावोगावी पसरलेली ही मंडळे १९७२ मध्ये त्यांनी नवा पक्ष काढला तेव्हा त्याचा पायाच ठरली. उलट शिवाजी गणेशन हे अभिनेते म्हणून तितकेच थोर, पण १९८८ मध्ये स्वतःचा पक्ष काढून पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत ते स्वतःची जागाही जिंकू शकले नाहीत.

प्रतिसाद ३
अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांच्यातील १९६० च्या दूरचित्रवाणी चर्चेचा दाखला इथे कोणी देण्यापूर्वी एक नोंद करतो. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले आणि पाहणाऱ्यांना केनेडी, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट ज्या पाहणीवर उभी आहे, तिच्यात रेडिओश्रोत्यांची संख्या फारच थोडी होती. प्रतिमेच्या प्रभावाविषयीच्या आपल्या कल्पनासुद्धा अशा सोयीच्या कथांवर पोसल्या जातात.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. चाहत्यांच्या मंडळांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण प्रतिमेचा विचार करताना मी केवळ पाहणाऱ्या एकट्या माणसाचा विचार करत होते. ती प्रतिमा भिंतीवर चिकटवणारे, तिच्याभोवती जमणारे आणि पुढे मतदानकेंद्रापर्यंत चालत जाणारे लोक माझ्या मांडणीतून सुटले होते.