प्रबंधाची विदा (डेटा) खुली करण्याची सुरुवात कशी करावी?

प्रश्न (एम.एस्सी., वनस्पतिशास्त्र): मी सह्याद्रीतील दोन देवरायांमधील वृक्षांच्या नोंदी घेत आहे. त्या सर्वांना वापरता याव्यात अशी मनापासून इच्छा आहे. परंतु पदवीआधीच विदा खुली केली तर दुसरे कोणी ती प्रसिद्ध करील, अशी भीती वाटते.

उत्तर १: भीती रास्त आहे. मात्र सर्न ही युरोपीय अणुसंशोधन संस्था २०१३ पासून चालवत असलेल्या झेनोडो या विनामूल्य ऑनलाइन विदा-भांडारात फाइल ठरावीक तारखेपर्यंत बंद ठेवता येते आणि डीओआय (फाइलचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) लगेच मिळतो, त्यामुळे नोंदी तुमच्या असल्याचा दिनांकित पुरावा राहतो. मार्गदर्शकांची संमती आधी घ्यावी.

उत्तर २: त्याहीआधी स्तंभांची नावे, एकके आणि मोजणीची पद्धत सांगणारी ‘रीडमी’ फाइल आजच लिहायला घ्या. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजला की बुंध्याशी, हे माझ्या जुन्या तक्त्यात लिहिलेलेच नव्हते, आणि एका संपूर्ण हंगामाचे काम मलाच पुन्हा वापरता आले नाही, याचे आजही वाईट वाटते. विदा खुली करताना सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेय-परवाना) निवडल्यास वापरणाऱ्यास श्रेय द्यावेच लागते.

उत्तर ३: दुर्मीळ झाडांचे अचूक अक्षांश-रेखांश मात्र खुले करू नयेत, कारण त्यातून तोडीचा धोका वाढतो. गावकऱ्यांनी सांगितलेले औषधी उपयोगही त्यांना विचारल्याशिवाय तक्त्यात घालू नका.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. घेराची उंची आजच नोंदवते.